या पत्त्यावर कोण राहतं

प्रिय लेआंद्रो,

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून लिहिते आहे. पत्र तुझी वाट बघत थांबू शकतं.

मागच्या खोलीत मी भाडेकरू ठेवली आहे. केतेवान, जॉर्जियाहून आलेली, चाळिशीची, मासळीच्या कारखान्यात कामाला. पहिल्याच आठवड्यात मला तिचा संशय आला. जेवण झालं, की माझं टेबल पुसून व्हायच्या आत ही सरकारी शब्द घेऊन बसायची. "बाई, 'मालक' म्हणजे घरात राहतो तो, की कागदावर असतो तो? 'संमती' एकदा दिली की परत घेता येते?" आता सांग, सरळ मनाचं माणूस असलं काही विचारतं का?

मग एक दिवस म्हणाली, "पाद्रोनमध्ये माझं नाव या पत्त्यावर लावा. त्याशिवाय निवासाचं कार्ड मिळत नाही." कोण कुठे राहतं याची नगरपालिकेतली ती नोंद. खालची विर्तुदेस जिन्यातूनच ओरडली, "वेड लागलंय का तुला, एन्कार्ना? नाव लागलं की घर गेलं! माझ्या नणंदेच्या शेजारणीचं अस्संच झालं." प्रत्येक भीतीसाठी विर्तुदेसकडे नणंदेची एक शेजारीण असते, पण या वेळी मला तिचं पटलं. घराचं खरेदीखत मी पिशवीत घालून बाजारातही बरोबर न्यायला लागले.

तरी केतेवानबरोबर कचेरीत गेले. संमती द्यायला नव्हे. नाव लागल्यावर बाईला बाहेर कसं काढतात, ते विचारायला. खिडकीतल्या मुलीने माझं ओळखपत्र पाहिलं, खटाखट टाइप केलं आणि म्हणाली, "तुम्ही कशी संमती देणार, सेन्योरा? तुम्ही तिथे राहतच नाही."

"मग काय कबुतरांबरोबर गच्चीवर राहते?"

"वायादोलिदला राहता. मार्चपासून."

मी म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय, माझा मुलगा इंजिनियर आहे, त्याला बोलावू का? तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. पत्ता तुझा, सही माझी. मार्चमध्ये तू आला होतास, मी तुझ्यासाठी दुधात भिजवलेल्या पावाच्या तोरिखास तळत होते, आणि तू कागद पुढे केलास. "आई, औषधांच्या सवलतीचं आहे, इथे सही कर." ओळ न ओळ वाचल्याशिवाय सही करू नये, हे शाळेत नन्सनी मला छडीने शिकवलं होतं. पण त्यांना मुलं नव्हती.

मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "तिकडच्या सरकारी वृद्धाश्रमात नंबर लावायचा तर तिकडचं रहिवासी असावं लागतं. बरेच जण असं करतात."

जिच्या भीतीने मी खरेदीखत काखेत घेऊन हिंडत होते, तिनेच मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "बाईंना परत घरी यायला काय लागतं?"

खरेदीखत लागतं. ते पिशवीत होतंच. आधी माझं नाव लागलं, मग माझ्या संमतीने तिचं.

काल त्या वृद्धाश्रमातून फोन आला. पहिल्या तारखेपासून खोली रिकामी आहे म्हणे. मी विचारलं, खिडकी कुठे उघडते? पार्किंगकडे, फोनवरच्या बाई म्हणाल्या. त्यांना मी 'नाही' म्हणून सांगितलं आहे, आणि तुलाही ते लेखी मिळावं म्हणून हे पत्र. घर विकायला कुणाला शब्द दिला असशील, तर तो परत घे. नाताळला ये. कुलूप बदललं आहे, तेव्हा घंटा वाजव. केतेवान दार उघडेल. पण तू कोण, कशासाठी आलास, किती दिवस राहणार, हे विचारल्याशिवाय आत घेणार नाही. तसं मी तिला बजावून ठेवलं आहे.

तुझीच आई,
मुक्काम कादिस, आणि हलणार नाही