बोरमाळच्या ओढ्याकाठचे गवत न जाळण्याबाबत

बोरमाळ,
दिनांक २३ फेब्रुवारी १९७३

प्रति,
मा. चारा व छावणी अधिकारी,
बोरमाळ गट, तालुका जामखेड,
जिल्हा अहमदनगर.

विषय : ओढ्याच्या वळणावरील गवत येत्या सोमवारी जाळण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा जानेवारीतील अर्ज.
२) रोगट गवत जाळून नष्ट करण्याचा आपल्या कार्यालयाचा आदेश.

महोदय,

हा माझा दुसरा अर्ज. पहिल्या अर्जाने जे ओढवले ते निस्तरण्यासाठी तो करावा लागत आहे. कृपया कारकुनाकडून सारांश न घेता तो आपण स्वतः वाचावा.

१) मी येथील माध्यमिक शाळेत शास्त्र शिकवतो. गवताच्या पानांवर वाढणाऱ्या बुरशा गोळा करणे, त्या ओळखणे आणि त्यांची जात लावणे हा माझा जुना नाद आहे. गावात मला गवत्या मास्तर म्हणतात, त्याबद्दल तक्रार नाही. यंदाच्या दुष्काळात शिवारात काडी राहिलेली नाही. फक्त ओढ्याच्या वळणावर एक तुकडा हिरवा आहे, कारण तिथे ओल टिकते आणि तिथे कोणी गुरे घालत नाही. त्या गवताच्या पानांवर मला काळे ठिपके आढळले. पुण्याच्या एका तज्ज्ञांना मी पाने पाठवली. त्यांनी कळवले की अशी बुरशी त्यांच्या पाहण्यात नाही, जात नवी असावी. परंतु ती कोणत्या गवतावर वाढते हे ठरल्याशिवाय तिला नाव देता येणार नाही, आणि गवत फुलोऱ्यावर आल्याशिवाय ते ओळखता येणार नाही. सबब फुलोरा येईपर्यंत तो तुकडा छावणीसाठी कापू नये, एवढीच माझी पहिली विनंती होती.

२) साहेबांची खात्री पटावी म्हणून त्या अर्जाला मी ठिपक्यांची चार पाने टाचली. आपल्या कार्यालयाने पाने पाहून गवत रोगट ठरवले आणि जाळण्याचा आदेश काढला. मी समक्ष येऊन सांगितले की अशी बुरशी सहसा आपले गवत सोडून दुसरीकडे जात नाही, ज्वारीला तिचे भय नाही. त्यावर कारकुनांनी बुरशीचे नाव विचारले. मी म्हणालो, अजून नाव नाही. ते म्हणाले, बिननावाच्या रोगाची हमी कोण घेणार? नाव मिळायला गवत राहिले पाहिजे आणि गवत राहायला नाव पाहिजे. हा घोळ माझ्याच्याने सुटला नाही.

३) आता जे पहिल्या अर्जात लिहिले नव्हते ते लिहितो, कारण ते शास्त्रात बसत नाही असे मला वाटले होते. त्या तुकड्याला गाव लेकरांचं रान म्हणते. आमच्याकडे दात न आलेले मूल दगावले तर त्याला अग्नी देत नाहीत. मातीत ठेवतात आणि वर दगड मांडतात. तिथले गवत म्हणूनच कोणी कापत नाही. माझी मुलगी तिथे आहे. परवाच्या श्रावणात गेली. सात महिन्यांची होती.

४) गेल्या सोमवारी छावणीचे मुकादम रॉकेलचे डबे घेऊन आले तेव्हा गावातल्या बाया गवतात जाऊन बसल्या. ज्यांची मुले तिथे आहेत त्याच सगळ्या. लंकाबाई म्हणून एक वृद्ध बाई आहेत, त्यांची तीन तिथे आहेत. त्या मुकादमांना म्हणाल्या, "कापायचं तर कापा, आमीच इळा घिऊन येतो. गुरांच्या पोटात गेलं तर गेलं. पर लेकरांवर जाळ नको." ज्यांनी जन्मात त्या गवताला विळा लावू दिला नाही त्यांनी हे म्हणावे, याचा अर्थ आपण लक्षात घ्यावा. मुकादम आठवड्याची मुदत देऊन गेले. माझी पत्नी पुष्पावती त्या दिवसापासून रोज सकाळी तिथे जाऊन बसते आणि दिवेलागणीला येते. घरी ती यावर एकदाच बोलली. "तिला चटका बसंल," म्हणाली. मी तिला मातीखाली उष्णता किती खोल जाते ते समजावू लागलो आणि मध्येच थांबलो.

५) हे ठिपके फक्त दगडांच्या भोवती आहेत. तेच गवत, तीच ओल, पण दहा पावलांवर पान स्वच्छ. बाया म्हणतात, लेकरं पानं धरून वर बघत्यात, ती त्यांची बोटं हायेत. मी असल्या गोष्टी मानत नाही. दगडाच्या सावलीत दव जास्त वेळ टिकते हे एक कारण असू शकेल. परंतु मुलीच्या दगडाजवळचे पान मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तेव्हा प्रत्येक ठिपक्याभोवती काळे ताठ केस दिसले, तान्ह्या मुलाच्या पापण्यांसारखे. या गटातल्या बुरशांना असे केस असतात, हे मी स्वतः शिकलो आहे. तरी मला भिंगावरून डोळा काढवेना, आणि काढल्यावर पुन्हा लावण्याची हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीमागे पोरे गप्प बसली की मला भीती वाटते. हे सरकारी कागदावर लिहू नये, पण दुसरे कोणी ऐकून घेणारे नाही.

६) सबब मी लिहून देतो की सदर पानांवर कोणतीही बुरशी नाही. ठिपके रस्त्याच्या कामावरील डांबराच्या धुराचे आहेत. नवी जात वगैरे माझी चूक होती. पुण्याच्या तज्ज्ञांनाही मी आजच्याच टपालाने तसे कळवत आहे. गवत निरोगी असल्याने ते छावणीस लावावे. बाया स्वतः कापून देतील, मीही विळा घेऊन येईन.

७) आदेश निघाला आहे तर काहीतरी जळाल्याची नोंद आपणांस करावी लागणार, हे मी समजू शकतो. त्याकरिता सोबत पुडके पाठवत आहे. यापलीकडे या बुरशीचा कोणताही पुरावा माझ्याकडे राहिलेला नाही. हे कचेरीच्या आवारात, पंचांसमक्ष जाळावे आणि आदेशाची अंमलबजावणी झाली असे लिहावे.

आपला नम्र, व सोमवारी ओढ्यावर हजर असणारा,

सूर्यभान भिमाजी वराट
शास्त्र शिक्षक, बोरमाळ

सोबत :
१) काचेच्या पट्ट्या, डबीसह.
२) पानांची चित्रे व टिपणे.
३) वाळवलेली पाने, कागदावर चिकटवलेली. यात एक कागद रिकामा आहे. त्यावरचे पान माझ्या पत्नीने काढून घेतले आहे. ते तिच्याकडे मागू नये, ही विनंती.