मागची सीट रुंद हवी

प्रिय वेदिका,

आशीर्वाद मागाहून, आधी तक्रार ऐक. स्कूटर नावाच्या वाहनाला सीटच्या पुढच्या टोकाखाली पिशवी अडकवायचा एक आकडा असतो. त्या आकड्याने माझा छळ मांडला आहे. बसताना तो गुडघ्यात घुसतो, उतरताना पँटचा खिसा धरतो, आणि काल मारुती मंदिराच्या नाक्यावर भर गर्दीत त्याने मला असं अडकवून ठेवलं की मागचा रिक्षावाला म्हणाला, काका, उतरायचंय की वस्तीला राहायचंय? वाहन घडवणाऱ्यांनी मनुष्यदेहाची जी मूळ कल्पना केली आहे, तीत पोट हा अवयव धरलेलाच नाही असा माझा निष्कर्ष आहे. आकडा काढून टाकतो म्हटलं तर आई म्हणते, मग नारळ कुठे अडकवणार? म्हणजे नारळाची सोय आहे, माझी नाही.

परवा फोनवर तू पोटभर हसलीस. गणपती आणि उंदीर असं काहीतरी म्हणालीस, आणि मागून शुभंकररावांचंही हसणं ऐकू आलं. जावयाने सासऱ्याच्या वजनाला हसू नये असं कोणत्याही शास्त्रात सांगितलेलं नाही, म्हणून सोडून दिलं. पण उपमा देताना जरा विचार कर. माघात आपण हेदवीला गेलो होतो, तिथल्या गणपतीला हात दहा. मला दोन, आणि ते दोन्ही सदैव ब्रेकवर असतात.

ज्याने जन्मात सायकल चालवली नाही त्याला निवृत्तीच्या तोंडावर स्कूटर कशाला, असं तू विचारलंस. रिक्षावाले आपल्या नाचणे गावापर्यंत यायला कुरकुरतात, असं मी म्हणालो. ते खरं आहे, पण ते उत्तर नव्हे. उत्तर असं की आईने गाडी चालवणं सोडलं आहे. यापुढे तिला जिथे जायचं असेल तिथे मी नेणार. असं का झालं हे फोनवर सांगता येत नाही, कारण फोन तिच्याच हातात असतो आणि स्पीकर चालू असतो. म्हणून हा कागद. शुभंकरराव घरी असतील तेव्हाच वाच.

गाडी आणि आई वेगळ्या काढता येत नाहीत हे तुला मी सांगायला नको. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणारी बाई, रत्नागिरीतली घरं ती पत्त्यावरून नव्हे तर शिरांवरून ओळखायची. शिरगावच्या अमक्या आजोबांची शीर पळते, मांडवीच्या तमक्या काकूंची उजव्या हाताला मिळतच नाही, अशी तिची गावाची भूगोलविद्या. तू लहान असताना पुढे उभी, ती मध्ये आणि मागे मी, असं आपलं बिऱ्हाड निघालं की लोक बाजूला व्हायचे. ते आदराने होतात असं मी बरीच वर्षं समजत होतो. एकदा तूच सांगितलंस, बाबा, गाडीचं पुढचं चाक उचललं जातंय.

गणपती गेल्यावर एके दिवशी तिने जाहीर केलं की मनगट दुखतं, आता तुम्ही शिका. मी टाळलं. मी टाळतो हे तिला तीस वर्षांपासून ठाऊक आहे, त्यामुळे तिने मला थेट शोरूमलाच नेलं. तिच्या हलक्या गाडीवर मी पुढे बसलो की मागचा टायर दीनवाणा दिसतो, तेव्हा मला नवी, भरभक्कम हवी असं तिने ठरवून टाकलं होतं. तिथला निलेश नावाचा मुलगा फार सभ्य. वजन हा शब्द त्याने एकदाही उच्चारला नाही. सर, तुमच्या पर्सनॅलिटीला ही जरा लहान पडेल, असं म्हणत तो मला एकीवरून उतरवून दुसरीवर बसवत होता. स्वयंवरात एवढे नकार कोणी ऐकले नसतील. एकीवर माझे गुडघे हँडलला लागत आणि वळताना पोटाला विचारून वळावं लागे. दुसरी इतकी उंच की पाय जमिनीला लागताना फक्त अंगठे लागत, आणि एवढा देह दोन अंगठ्यांवर तोलणं हे तपस्व्यांचं काम. बॅटरीवरची एक दिसायला गोजिरवाणी होती, पण आम्ही दोघं बसून ती भाट्याच्या बाजूचा चढ चढणार का, असं विचारल्यावर निलेशने खोटं न बोलता खोकून घेतलं. शेवटी एक सापडली, पत्र्याच्या अंगाची, पुढचं चाक मोठं, पाय ठेवायला ऐसपैस जागा, आणि दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकणारी. मी बसलो तेव्हा ती खाली दबली, पण पुन्हा वर आली. तेवढंच मला पुरेसं होतं.

आईला नव्हतं. मी पुढे बसलेला असताना ती मागे येऊन बसली. नुसती टेकली नाही, नीट बसली, पाय पायपट्टीवर ठेवले, मागची दांडी धरून हलवून पाहिली, मग पुढे सरकून माझ्या कमरेला हात पुरतो का ते पाहिलं. हात पुरत नाही हे मी तुला सांगायला नको. मग निलेशला म्हणाली, मागची सीट रुंद हवी आणि दांडी पक्की हवी, यांना कुठलीही चालेल. मी म्हटलं, पाहा, वाहन माझं आणि वरसंशोधन सीटचं. निलेश हसला. आई हसली नाही. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग सड्यावर शिकवणी सुरू झाली. पाऊस संपत आलेला, कातळावरचं गवत पिवळं पडू लागलेलं, आणि त्या उघड्या माळावर मी आणि माझं वाहन. पहिल्याच संध्याकाळी मी गाडीसकट आडवा झालो, हळूच, जसा एखादा बैल बसतो तसा. आई इतकी हसली की तिला कातळावर बसावं लागलं. शिकवते मात्र उत्तम. दोन्ही ब्रेक एकदम धरा. नजर चाकावर नको, लांब ठेवा. थांबताना आधी डावा पाय. दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा तिथूनच सुरुवात केली, ही किल्ली, हा ब्रेक, हा दुसरा ब्रेक. तिसऱ्या दिवशीही तेच. आता माझं लहानपण कुठे गेलं ते तुला ठाऊक आहे. पाठशाळेत गुरुजी संथा देत, म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेत, आणि काल पाठ झालेलंही आज पहिल्यापासून. त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट कौतुक वाटलं. मी शाळेतल्या शिक्षकखोलीत सांगितलं की आमच्या मंडळींनी न शिकता संथापद्धती आत्मसात केली आहे. लोक हसले, मीही हसलो. दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने चौथ्या दिवशी विचारलं असतं, अगं, हे कालच झालं ना? मी रोज मान डोलावून पहिला ब्रेक कुठला ते ऐकत राहिलो.

दसऱ्यानंतर एके दिवशी मी वर्गावर असताना राजिवड्याहून सुरय्याबींचा फोन आला. माझ्या जुन्या विद्यार्थ्याची, जुनेदची, आई. त्यांच्या सासऱ्यांना साखर आहे, त्यांचं रक्त घ्यायला आई वर्षानुवर्षं जाते. सुरय्याबी हळू आवाजात म्हणाल्या, भाभी सकाळी अब्बांचं रक्त घेऊन गेल्या होत्या, आता परत आल्यात आणि परत सुई काढून बसल्यात. मी रिक्षा करून गेलो. आई त्यांच्या ओटीवर चहा पीत होती, प्रसन्न. म्हातारे अब्बा शेजारी खुर्चीत बसलेले, सकाळच्या हाताला कापूस चिकटवलेला, आणि दुसरी बाही त्यांनी वर करून ठेवली होती. पुन्हा टोचायची वेळ आलीच तर तिला कमीपणा वाटू नये म्हणून. निघताना सुरय्याबी दारापर्यंत आल्या आणि तेवढंच म्हणाल्या,

“सर, भाभींना आता एकटं नका पाठवू.”

परतताना आईच पुढे होती. माझ्याकडे शिकाऊ परवाना होता, पण तिच्या त्या हलक्या गाडीवर तिला मागे घेऊन भर गावातून जायचं धाडस मला झालं नाही. गाडीतळाच्या चौकात ती थांबली. नीट थांबली, दोन्ही ब्रेक, आधी डावा पाय. मागून हॉर्न वाजू लागले. मग मान न वळवता तिने विचारलं, “कुठे?” वेदिका, ज्या रस्त्यावरून ती दिवसाला कितीदा जायची त्या रस्त्यावर तिने मला विचारलं. मी जुन्या नाटकातल्या प्रतिहारीसारखा आवाज काढला आणि म्हटलं, देवींनी उजवीकडे वळावं. ती वळली. जयस्तंभाला, देवींनी सरळ जावं. मारुती मंदिराला, देवींनी आता आपल्या नाचण्याकडे वळावं. असं करत मी तिला घरापर्यंत आणलं. एवढा वाईट विनोद मी आयुष्यात केला नाही.

घरी आल्यावर तिने किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी काही बोलायच्या आतच म्हणाली,

“मला उन्हाळ्यापासून कळतंय. म्हणून तर तुम्हाला शिकवायची घाई करत होते.”

मनगट कधी दुखलंच नव्हतं. शोरूममध्ये मागे बसून ती जे पाहत होती ते स्वतःसाठी पाहत होती. नंतर आम्ही कोल्हापूरला जाऊन मेंदूची तपासणी करून आलो. तुला सांगितलं होतं की देवीला जातोय. देवीलाही गेलो, ते खोटं नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ते तू ओळखलं असशीलच. वय कमी आहे म्हणून आजार वेगाने वाढण्याचा संभव आहे असं ते म्हणाले. गोळ्या आहेत. गोळ्यांनी विसरलेलं परतत नाही, आजार रेंगाळतो फक्त. तुला सातवा महिना आहे, आत्ता सांगायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली आहे. मी ती मोडतोय.

आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला निघतो. माझी स्वारी पुढे, ती मागे. चांगले दिवस बरेच आहेत. मधूनच ती कानाशी म्हणते, नजर लांब ठेवा. मी तिला आरशात शोधतो, पण आरशात माझाच खांदा दिसतो. एवढी वर्षं ती पुढे असायची, मला तिची पाठ दिसायची, मी निर्धास्त असायचो. आता मी अधूनमधून काहीतरी विचारत राहतो, आज भाजी काय, समुद्र दिसतोय का. उत्तर आलं की गाडी पुढे नेतो.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मार्गशीर्षात तू बाळंतपणाला येणार. आईने पाट काढून ठेवला आहे, न्हाणीत चुलीची डागडुजी करून घेतली आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की बाई नको, नातवंडाला मीच न्हाऊ घालणार. तुला तिने पायांवर घेऊन कसं न्हाऊ घातलं ते मला अजून दिसतं. हात तसेच आहेत, चुकणार नाहीत. पण मागच्या आठवड्यात तिने माझ्या आंघोळीचं पाणी काढलं, चुलीवरचं कढत, आणि त्यात गार पाण्याचं विसण घातलंच नाही. मी मोठा माणूस, तांब्या अंगावर घ्यायच्या आधी बोट बुडवून पाहिलं. तिला सांगितलं नाही. बाळ बोट बुडवून पाहणार नाही. तू ये, जरूर ये, तिला तू हवी आहेस. पण तिच्या एकटीच्या हाती बाळ देऊ नकोस, आणि न्हाऊ घालायला दुसरी बाई आपण ठेवू. हे तिला सांगावं लागेल. गाडी तिने आपणहून सोडली, कारण गाडीवर मागे जागा होती. बाळाबाबत तिला असं काय द्यायचं ते मला सुचत नाही. मी रोज ठरवतो आज सांगू, आणि रोज तिला फिरवून आणतो. मला भीती वाटते, वेदिका. तिचा आजार वाढेल याची वाटतेच, पण त्याहून जास्त याची वाटते की ‘बाळाला हात लावू नको’ असं मला तिला सांगावं लागेल, आणि त्या दिवशी तिला सगळं नीट समजत असेल.

हे फोनवर सांगू न शकलेला, तुझाच
बाबा