गुडघ्यासाठी पाठवलेलं चुंबक

तीर्थरूप आई,
पाया पडतो. मी ठणठणीत आहे, काळजी करू नकोस.

तुझ्या गुडघ्याला बांधायला पाठवलेलं चुंबक मी विकत घेतलं नव्हतं गं. इथे भंगाराच्या कारखान्यात विजेच्या गाडीची जुनी मोटर उघडण्याआधी भट्टीत तापवतात, म्हणजे चुंबकांचा जोर जातो. तुला जोरदार हवं म्हणून मी एक मोटर न तापवताच उघडली, एक चुंबक लपवलं आणि मोटर तशीच पुढे सरकवली. माझ्या शेजारी काम करणारे काका त्यातली उरलेली चुंबकं काढायला गेले, तर दोन एकमेकांवर आदळली आणि त्यांचं बोट मध्ये चेचलं.

"माझंच लक्ष नव्हतं," काका साहेबांना म्हणाले. मी खाली मान घालून पुढची मोटर भट्टीत सरकवली.

आज डाव्या हाताने जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "चुंबकाने आईला आराम पडला का रे?"

त्यांनी पाहिलं होतं, आई.

पडला का गं?

तोंड लपवून बसलेला,
तुझा बाळ्या