खाट चारचा केसपेपर

सोमवार, ३
लहानपणी गल्लीतले कंपाउंडर सुया उकळत, तेव्हा स्टीलच्या डबीत त्यांचा बारीक खुळखुळाट होई. तो ऐकला की मी पलंगाखाली! आणि आज साठ वर्षांनी आपल्या पायांनी सुयांच्या घरी आलो, तेही नोकरीला. नर्सिंगच्या शाळेत सरावाचा वॉर्ड आहे. तिथे मी खोटा रुग्ण. आठ दिवस खाट चारवर मुक्काम, मुलींनी माझ्यावर हात बसवायचा. जन्मभर वर्गात कविता शिकवल्या, ना बायको ना मूल. सडाफटिंगाला आणखी काय हवं?

मनगटावर पट्टी बांधली. नाव, जन्मतारीख केसपेपरवरच्या रुग्णाची. खरोखर काही झालं तर पट्टी काढून द्या, सराव थांबेल, असं मोठ्या बाईंनी बजावलं. केसपेपरचं रोज एकच पान मिळणार. आजचं: हृदय थकलेलं, दम लागतो.

मंगळवार, ४
मुली गोड आहेत. प्रत्येक खोट्या गोळीआधी नाव विचारतात, पट्टीशी ताडून बघतात. एक डावखुरी मनगट धरून बसली होती. मला वाटलं नाडी. मग हळूच म्हणाली, श्वास मोजत होते, सांगून मोजला की माणूस मुद्दाम घेतो. मिनिटाला सोळा. मी म्हटलं, अगदी भुजंगप्रयातात चाललाय. तर म्हणे, आजोबा, तुमचा साप आम्हाला परीक्षेला नाही.

बुधवार, ५
वजन दीड किलो जास्त. डावखुरीने नडगीवर अंगठा दाबला, खळगा तसाच राहिला. इथलं जेवण मानवतंय, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं.
पान दुपारी मिळालं. वजन दीड किलोने वाढेल. नडगीवर खळगा पडेल.

गुरुवार, ६
आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. तीन उशा घेतल्या तेव्हा डोळा लागला. मोठ्या बाईंना सांगितलं, हे नाटक नव्हे. त्यांनी मुलींना जवळ बोलावलं: बघा गं, याला म्हणतात भूमिकेत शिरणं. टाळ्या पडल्या.
नंतर पान आलं. उशा तीन.

शुक्रवार, ७
पट्टी निघत नाही. मनगट सुजलंय, ती मांसात रुतलीय. कात्री मागितली. मुलींनी आजचं पान दाखवलं – रुग्ण गोंधळलेला आहे. आपण दुसरेच कुणी आहोत म्हणेल, पट्टी काढू पाहील. वाद घालू नये. त्याचं नाव शांतपणे पुन्हा पुन्हा सांगावं.
सांगतायत. सकाळपासून. मायेनं.

शनिवार
श्वास चौतीस. डावखुरीने पूर्ण मिनिट मोजला, अर्धं मोजून दुप्पट नाही. तिचा चेहराच उतरला. म्हणाली, हे खरं आहे, बाई चुकतायत. खाटेची उशाकडची बाजू उभी केली. बसूनच राहा आजोबा, डॉक्टरांना घेऊन येते – धावली –

एकही वृत्त आठवत नाही. माझं नाव – माझं, पट्टीवरचं नव्हे –

ओठांवर फेस. गुलाबी.

दुपार
पावलं वाजतायत. तीच –
नाही. दारात एक बाई. घामेजलेली, हातात डबा. मला बाबा म्हणाली. मला मूल नाही. लिहून ठेवतो, मला मूल कधीच –

रडतेय. लहानपणीही अशीच, खालचा ओठ दुमडून. रडू नकोस गं चिमे, मी इथेच आ