भोकाची गाडगी

आई, उद्या मला सुप्याला जायचंय. तिथे कारखान्यांच्या मागे नवी वसाहत झाली आहे, आणि तिथल्या बायकांना थोडक्या पाण्यावर बाग कशी करायची ते सांगायला मला बोलावलंय. दाराशी पिशवी भरून ठेवली आहे. दोन गाडगी, शेवग्याचं बी, थोडा वाळका पाला. गाडगी कागदात गुंडाळताना एकटीच हसत सुटले, आणि म्हटलं, आज तुला लिहायचंच.

नागापूरची आपली सोसायटी आठवते ना? चाळीस घरं, पायाखाली नुसता मुरूम, आणि एक नळ, तोही लहरी. मधली मोकळी जागा उताराची होती. अध्यक्षांना तिथे हिरवळ हवी होती, मधोमध कारंजं. वर्ष कुठलं, तर बाहत्तरच्या दुष्काळाचं. सभेत तू पदर खोचून उठलीस. "मानसाला घरटी तीन हंडं आन् गवताला टँकर? ह्यो कुठला न्याय, भाऊसायेब?" तुझ्या बोलीला शेजारणी हसतील म्हणून मी मान खाली घातली. मी कॉलेजात जाणारी, शहाणी. अध्यक्ष चिडले नाहीत. म्हणाले, "वहिनी, घ्या मग ती जागा तुम्हीच. ही संक्रांत सोडा, पुढच्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत झाडं जगवून दाखवा, बाग तुमची. नाही जगली तर फरशी टाकू." तू जागच्या जागी "व्हय" म्हणालीस. बाबा कारखान्यातून आले आणि हे ऐकून डोक्याला हात लावून बसले.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन त्या जागेवर गेलीस आणि वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतलंस. तेवढं पाणी वाया गेलं म्हणून मी चुकचुकले. तू मात्र वाकून बघतेस. "बघ, कुठनं पळतंय ते. पळत्या पान्याच्या वाटंत आडवं व्हायचं, म्हंजी ते जिरतं." तिथे आडवे चर आखलेस, चरांच्या कडेने चाळीस खड्डे घेतलेस. कडुनिंब, करंज, शेवगा, सीताफळ. चाळीस झाडं तुझ्या एकटीच्याने जगणार नाहीत हे तुला ठाऊक होतं. "पर घरटी येक झाड कुनी बी जगवंल," असं तुझं गणित. बायका एकत्र कधी येतात, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. म्हणून वाण ठरलं, कुंभाराकडची कोरी गाडगी. रोपाशेजारी गाडगं पुरायचं, भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतायचं, वर झाकण ठेवायचं, की मुळाला गारवा मिळत राहतो.

आणि इथे माझी अक्कल आडवी आली. राहुरीच्या मामाने मला एकदा सांगितलं होतं की गाडग्याला भोक पाडून चिंधीची वात घालतात, तिच्यातून पाणी मुळाशी उतरतं. म्हटलं, आईला चकित करू. तू नळावर गेलीस तेवढ्यात मी खिळा आणि दगड घेऊन बसले आणि सगळ्या गाडग्यांच्या बुडाला भोकं पाडली. दोन फुटली, ती चुलीमागे लपवली. वात संध्याकाळी सगळ्यांसमोर दाखवायची, असा माझा बेत.

संध्याकाळी घर भरलेलं. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, तू वाण हातात द्यायला लागलीस. कोपऱ्यातल्या घरातली म्हातारी आत्याबाई सुनेच्या हातातलं गाडगं उलटं करून बघते. तिचं बोट भोकातून आरपार जातं. "अगं बया, भोकाचं मडकं मसनवट्यात नेत्यात. खांद्यावर घिऊन सरनाभवती फिरत्यात. आन् तू सवाष्णींला वान देतीस?" मला हे कसं सुचलं नाही, आई? आजोबांच्या वेळी तसलं मडकं मी स्वतः पाहिलं होतं. तू गाडग्याचं बूड पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस, आणि आत्याबाईंना म्हणालीस, "चुकलं माजं. ध्यानात आलं न्हाई." बायका उठल्या. गाडगी तिथेच राहिली. मी मोरीत जाऊन रडले. तू जेवताना मला एवढंच म्हणालीस, "कोऱ्या गाडग्याला भोक लागत न्हाई. ते आपसूक पाझरतं. इचारायचं तरी."

सकाळी तू आधी आत्याबाईंचं दार वाजवलंस. नवं वाण घेऊन नाही, मागायला. "तुमच्या पूजंतलं सुगड द्या. तुमच्याच हातानं पुरा, मी नुसतं खड्डं दावते." संक्रांतीची सुगडं घरोघरी रिकामी पडलेली असतातच. पुजलेलं मडकं कोण अशुभ म्हणणार? आत्याबाईंनी पहिलं सुगड पुरलं आणि मग बाकीच्या आल्या. सुगडं लहान, पण रोपं तरी कुठे मोठी होती. झाडाला चालावं म्हणून बायकांनी साबण सोडून पुन्हा राखेने भांडी घासायला घेतली. रोज दिवस कलताना चाळीस बायका तांब्या घेऊन यायच्या आणि आपलं झाड शेजारणीच्या झाडापेक्षा कसं सरस आहे यावर तासभर भांडायच्या. आई, तो उन्हाळा भयंकर होता, आणि मी इतकी हसले तो तेवढा एकच उन्हाळा.

पुढच्या संक्रांतीला अध्यक्ष झाडं बघायला आले. सहा-सात गेली होती, बाकीची त्यांच्या कमरेला लागत होती, शेवगे तर डोक्याच्या वर गेले होते. ते सरळ स्वतःच्या बायकोच्या शेवग्याखाली जाऊन उभे राहिले. फरशीचं नाव पुन्हा निघालं नाही. हळदीकुंकू तिथेच, बागेत झालं. तू वाणाच्या टोपल्या पुढे ओढल्यास. तीच भोकाची गाडगी. वर्षभर तू ती पलंगाखाली जपली होतीस. आता प्रत्येकात माती आणि हिरवीगार तुळस. बुडाला भोक नसेल तर कुंडीतली तुळस कुजते, हे बायकांना सांगायला लागलंच नाही. आत्याबाईंनी पहिलं उचललं, पुन्हा बुडाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "कुनी पाडली गं येवढी सारखी भोकं?" तू मोठ्यांदा म्हणालीस, "माज्या लेकीनं." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कौतुकाने. मला इतका आनंद झाला की मी ते कौतुक तसंच घेऊन टाकलं.

ही गोष्ट मी आता गावोगाव सांगते. बायका मसनवट्यापाशी आल्या की हसून लोटपोट होतात, मग नीट ऐकतात. फक्त एक आहे. भोकं कुणी पाडली हे सांगताना मी दर वेळी म्हणते, "आमच्या आईने." त्याच भोकांचं कौतुक होतं त्या तुळशीपर्यंत आले की मात्र म्हणते, "मी." हे पत्र तुला पोचणार नाही म्हणून हे लिहायला धजले. उद्या खरं सांगायचं ठरवलं आहे, पण भोकाच्या जागी आले की तोंडून तुझंच नाव जाईल बहुतेक. तू तेव्हाही चूक आपल्या अंगावर घेतली होतीस, आई, ती तुझ्यावरच टाकायची सवय मला अजून सुटत नाही.