हृदयाच्या फोटोची तारीख

३ फेब्रुवारी १९६८

आहेत! जिवंत आहेत!

काल सकाळी हे कारखान्याच्या बसला म्हणून निघाले आणि फाटकापाशीच खाली बसले. छातीवर हात, शर्ट घामाने चिंब. शेजारच्या सगुणाक्कांच्या यजमानांनी गाडी काढली म्हणून इस्पितळात पोचलो तरी. हार्ट अ‍ॅटॅक! बेचाळिसाव्या वर्षी!

इथले डॉक्टर कृष्णमूर्ती नुकतेच विलायतेहून आलेत. रक्ताची गुठळी विरघळवणारं नवं औषध त्यांनी सलाइनमधून दिलं. दुपारी कळ थांबली. ह्यांनी डोळे उघडले, मला म्हणाले, "जेवलीस का?"

५ फेब्रुवारी

डॉ. कृष्णमूर्ती म्हणतात, "गुठळी गेली, पण नळी आतून अरुंद असणार. मद्रासला हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढतात. आत्ताच न्या. पुन्हा गुठळी झाली तर?"

इस्पितळाचे मोठे डॉक्टर म्हणतात, "तीन आठवडे कुशीवरसुद्धा वळायचं नाही. प्रवासातच काही झालं तर काय कराल? नंतर न्या."

आणि दोघंही माझ्याकडे बघत राहिले. मी काय सांगू! दामूभावजी — ह्यांचे धाकटे भाऊ — खिडकीबाहेर बघत होते. ह्यांना विचारलं तर हसले. "पंप चालू आहे गं. पाइप तेवढा बघायचाय. तू म्हणशील तेव्हा जाऊ."

मी म्हटलं, थांबू.

डॉ. कृष्णमूर्तींनी मान हलवली फक्त.

८ फेब्रुवारी

आज ह्यांची दाढी केली. हात वर करायलाही बंदी ना! हनुवटीला कापलंच थोडं. "कारखान्यात असतीस तर नोकरी गेली असती," म्हणाले. खूप दिवसांनी हसलो. नर्स रागावली.

११ फेब्रुवारी

मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. सगुणाक्कांनी आमच्या प्रतिमाला खालच्या बागेत उभं केलं. चिकपेटच्या बाजारातून आणलेला नवा परकर — तिने गिरकी घेऊन दाखवला. ह्यांना उठता येत नाही, दिसणार कसं? मीच खिडकीतून बघून सांगत होते. हिरवा आहे, काठ लाल, आता हात हलवतेय. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

१४ फेब्रुवारी

दामूभावजी मद्रासला गेले. फोटोची तारीख पत्राने मिळेना, म्हणून स्वतःच. ह्यांचा रंग सुधारलाय. चवीने भात खाल्ला. मोठे डॉक्टरही खूश. सगुणाक्का म्हणाल्या, "आता स्वल्प, थोडीशी, झोप बघ तू." झोपेन. बरोबर ठरवलं मी. असं वाटतंय आज.

१७ फेब्रुवारी

दामूभावजी आले. तार पोचायच्या आधीच ते गाडीत बसले होते. दारातल्या चपला बघून त्यांना वाटलं, दादाला घरी सोडलं, म्हणून मंडळी जमलीत. उंबऱ्यातूनच ओरडले — "वहिनी, मिळाली तारीख! सव्वीस! सोमवार!"

मीच उठले. त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना बसवलं आणि सांगितलं, "दादा काल सकाळी गेले."