धनश्रीच्या पिशवीतल्या गाठी

प्रिय धनश्री,

तीन दिवस झाले, मी सायकलच्या एका पिशवीवर अडले आहे. सीटखाली लावायची घ्यावी, हँडलवरची घ्यावी, की फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी? दुकानातला छगन रोज नवी काढून दाखवतो, आणि मी तिची चेन ओढून, हलवून परत ठेवते. तू असतीस तर दोन मिनिटांत निकाल लावला असतास. म्हणाली असतीस, मांडीला घासते का बघ, खड्ड्यात डोलते का बघ, आणि घरी नेऊन नळाखाली धर, पाणी आत गेलं तर परत दे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पोस्टाच्या काउंटरवर बावीस वर्षं काढली, पण मनातलं असं कुणाला लिहायची ही पहिलीच वेळ आहे.

गेल्या जानेवारीत आपण सायकलवरून खर्ड्याच्या किल्ल्याला गेलो, ते मला अजून स्वप्नासारखं दिसतं. चिचोंडीपर्यंत इतकं धुकं होतं की ज्वारीची कणसं तेवढी वर तरंगत होती, खाली शेत नव्हतंच. रस्ता पाण्याखालून जात असल्यासारखा गप्प होता. तू नेहमीप्रमाणे माझ्या मागे. माझ्या सीटखाली लाल दिवा तूच आणून लावला होतास आणि उजाडल्यावरही तो बंद करू देत नव्हतीस. तुझ्या सायकलला आरसा, दोन दिवे, मोठी बेल, पुढे-मागे पिशव्या. मी म्हणायचे, "सगळा संसार घेऊन निघालीस का गं?" तू हसायचीस. किल्ल्याच्या तटाला टेकून आपण खजूर खाल्ले, तेव्हा तू म्हणालीस, "वर कुठला पक्षी बसलाय ते सांग ना." मी म्हटलं, साळुंकी. तू डोळे मिटलेस आणि बराच वेळ ऐकत राहिलीस. मला वाटलं, दमली आहे.

परत येताना जामखेडच्या अलीकडे, उन्हातून चिंचांच्या गर्द सावलीत शिरताना, तू सरळ रस्ता सोडून खडीत गेलीस आणि पडलीस. कोपर सोललं होतं. मी धावत आले ते ओरडतच. "लक्ष कुठं असतं तुझं?" तू तळहातातले खडे झाडत एवढंच म्हणालीस, "चुकलं माझं." वाटेत मी अजून काहीबाही बोलले. मागे चालवतेस, पुढचं बघत नाहीस, उद्या ट्रकखाली जाशील. पुढच्या रविवारी तू आली नाहीस, त्याच्या पुढच्याही नाही. मग तुझ्या सगळ्या पिशव्या माझ्या घरी आल्या, सोबत निरोप की सायकलवरून मन उडालं. मला राग आला, धनू. एवढ्याशा बोलण्यावरून मैत्री तोडली, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

पिशव्या मी तशाच ठेवून दिल्या होत्या. दिवाळीनंतर माझी फाटली, म्हणून तुझी सीटखालची लावली आणि एकटीच जामखेड रोडला निघाले. चिचोंडीच्या पुढे मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला बसून पिशवी उघडायला गेले, तर एका चेनच्या दोरीला एक गाठ. दुसरीला दोन. तिसरीला शर्टाचं बटण शिवलेलं. एका गाठीच्या कप्प्यात ट्यूब, तीही हत्यारं टोचू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळलेली. दोन गाठींच्या कप्प्यात नट आवळायचे पाने आणि पंक्चरचं सामान. बटणाच्या कप्प्यात शेंगदाण्याची चिक्की आणि जखमेला बांधायची पट्टी. आतल्या पान्यांनाही वेगवेगळ्या जाडीचा दोरा गुंडाळला होता. डोळे मिटले आणि बोटांनी चाचपत गेले. काही शोधावं लागलं नाही. हवं ते हाताला लागत होतं.

पेरू विकणाऱ्या गोजरबाई समोर बसल्या होत्या. त्या उठून आल्या. "बाई, लई येळ झाला तुमी तशाच बसलाय. बरं वाटत न्हाई का?" त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन मी तुझ्या सृष्टीला फोन लावला. ती आधी टाळत होती, मग रडली. "मावशी, आईला दोन वर्षांपासून बाजूचं दिसत नाही. सावलीत आणि सांजवेळी तर काहीच नाही. तुला कळलं तर तू तिला नेणार नाहीस, असं तिला वाटायचं." तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. सृष्टी, हे पत्र आईला तूच वाचून दाखवत असशील; तूही घाबरू नकोस बाळा, पुढचं मोठ्याने वाच.

धनू, तू मागे चालवायचीस ती माझ्या लाल दिव्याच्या आधाराने. नजरेच्या एवढ्याशा गोल खिडकीतून तो दिवा बघत तू ऐंशी-नव्वद किलोमीटर आलीस, आणि मी तुला लक्ष नाही म्हणाले. तू का येईनाशी झालीस, हे वर्षभर कुणाच्या तरी तोंडून कळायची वाट बघत राहिले, पण तुझ्या दारात येऊन विचारलं नाही. मला माफ कर, असं लिहायचं होतं. ते लिहिलं.

आता पिशवीचं खरं सांगते. ती माझ्या सायकलसाठी नाही. नाशिकच्या एका जोडप्याकडून मी दोन सीटांची सायकल आणली आहे. पुढे मी बसणार, वळणं आणि ब्रेक माझ्याकडे. मागे बसणाऱ्याला रस्ता बघावा लागत नाही, पण पॅडल मारावंच लागतं. तुझी दया येऊन मी हे विचारत नाहीये. परवा ती एकटीने वांबोरी घाटात नेऊन पाहिली, निम्म्यावरच उतरून ढकलावी लागली. चढाला मला तुझे पाय हवेत. येत्या रविवारी सहा वाजता मी तुझ्या फाटकाशी येईन. नको म्हणालीस तर चहा घेऊन परत जाईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुझा होकार मागणारी, तुझीच
सत्यशीला